घारकडा फुटायच्या आत

रहाटणी,
रविवार, २० जानेवारी १९५७

ती. दादास,

रंभाचा नमस्कार. आम्ही मायलेकी खुशाल आहोत, आणि तूही खुशाल आहेस असं आम्ही धरून चालतो, कारण तू काही कळवत नाहीस. दिवाळीपासून हे माझं तिसरं पत्र. पहिली दोन परत आली नाहीत, म्हणजे तुला पोचली. भुसावळचा पोस्टमन कामाचा माणूस दिसतो, रेल्वेतली माणसंच तेवढी आळशी. असो, भांडायला कागद घेतलेला नाही.

काम सांगते. घारकडा फोडणार आहेत. रस्त्याला खडी लागते आणि कुणा ठेकेदाराला नेमकी देहूच्या वरच्या अंगाची ती टेकडी पसंत पडली. पायथ्याशी सुरुंगाची भोकं पाडायला सुरुवात झालीय. शिमगा झाला की माथ्याला हात घालतील आणि पाडव्यापर्यंत कडा जागेवर राहणार नाही, असं तिकडून येणारा दूधवाला सांगत होता.

म्हणून मी ठरवलं आहे की रविवारी, दहा मार्चला, घारकड्यावर जायचं. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. आणि तू यायचंस.

आता तू पत्र बाजूला ठेवशील. ठेवू नकोस, पुरतं वाच. सात मार्चला शालनवहिनीला जाऊन तीन वर्षं होतील. ती त्या कड्यावरून खाली डोहात गेली, तेव्हा मी तिच्याबरोबर होते आणि तू नव्हतास. गावानं त्याच संध्याकाळी निकाल लावला की शालननं जीव दिला. आईनं तो मानला. तू तर सगळ्यांच्या आधी मानलास, कारण त्या सकाळी तू तिला काय बोललास ते तुला, मला आणि चुलीला ठाऊक आहे. तिला कड्यावर नेतो म्हणून तू सहा महिने झुलवलं होतंस. त्या रविवारी नेमका तुला कारखान्याच्या बांधकामावर ओव्हरटाइम लागला. ती रडवेली झाली, तू चिडलास आणि म्हणालास, "जा, आणि तिथंच राहा."

त्या एका वाक्यापायी तू घर सोडलंस, पिंपरीची नोकरी सोडलीस आणि भुसावळच्या चाळीत जाऊन बसलास. आईला वाटतं तू तिच्यावर रागावलास. रागावण्यासारखं तिनंही केलं होतंच. लग्नातल्या मानपानावरून तिनं वहिनीचं माहेर तोडलं होतं. दोन वर्षं बोरवाडीला पाठवली नाही. घारकड्यावरून नदीपलीकडं बोरवाडी दिसते, एवढ्याचसाठी त्या बिचारीला तिथं जायचं होतं. पण तू रागावला आहेस तो स्वतःवर, हे मला कळतं. आपण एका आईचं दूध प्यालो आहोत.

भाद्रपदात अविधवा नवमीला शेजारच्या छबूबाईंनी त्यांच्या जावेच्या नावानं सवाष्ण जेवू घातली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा तो दिवस. आपल्या घरात तीन वर्षं वहिनीच्या नावाचं पान वाढलेलं नाही. जीव दिलेलीचं पान वाढत नाहीत, असं आई म्हणते. मी त्या दिवशी जेवले नाही, पण त्याचा वहिनीला काय उपयोग?

मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती कड्यावरच सांगता येईल. तेव्हा रजा टाक.

तुझी,
रंभा


रहाटणी,
मंगळवार, ५ फेब्रुवारी १९५७

ती. दादास,

तुझं कार्ड मिळालं. "मी येणार नाही. तूही जाऊ नकोस. आईस नमस्कार." वर्षाला एक वाक्य याप्रमाणे हिशेब चोख आहे. आईनं ते कार्ड माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. चारही वेळा मी मधलं वाक्य गाळलं आणि पहिलं बदललं, ते पाप माझ्या माथी.

तरी तू येणार असं धरूनच मी तुझ्या वाटच्या भाकरी मोजल्या आहेत. बेत असा आहे. पहाटे उठून निघायचं, पवना ओलांडून पिंपरी गाठायची. निर्वासितांच्या कँपातली दुकानं आता पार स्टेशनाच्या वाटेपर्यंत आलीत, तुला जागा ओळखू यायची नाही. सातच्या सुमाराची लोणावळ्याची गाडी धरायची आणि देहूरोडला उतरायचं. तिथून पायी. देहू मागं टाकून नदीच्या काठाकाठानं भैरूबाबाच्या मळ्यापर्यंत, आणि मळ्याच्या बांधावरून वर चढायचं. मध्ये उंबराखाली झरा लागतो, तिथं पाणी भरून घ्यायचं. झऱ्यापासून माथा शंभर पावलांवर. भाकरी, ठेचा, कांदा आणि गुळाचा खडा मी घेणार. तू नुसता ये.

अकराला आपण माथ्यावर हवेत. बारा वाजता तर हवेतच. का ते विचारू नकोस.

तुला वाटत असेल, पोरगी शाळामास्तरीण झाली आणि सगळ्यांना छडी दाखवायला लागली. दाखवते खरी. पण पोरी मला भीत नाहीत, हसतात. मी वर्गात पाठमोरी फळ्यावर लिहीत असते आणि मध्येच "ओ" म्हणते. कुणीच हाक मारलेली नसते. परवा दुपारच्या सुट्टीत विहिरीपाशी असंच झालं. मी इतक्या मोठ्यानं ओ दिली की हेडमास्तर बाहेर आले. पोरी म्हणतात, बाईंना वारा हाक मारतो. घरीही तेच. आईनं नुसता घसा साफ केला तरी मी धावत जाते. ती म्हणते, एवढी हुकमाची तू कधीपासून झालीस?

झोप लागते. जेवते. काळजीचं कारण नाही. फक्त भर दुपार मला आवडत नाही.

रजेचा अर्ज लवकर दे. निवडणुकीच्या दिवसांत साहेब लोक रजा देत नाहीत असं ऐकते. आमच्या शाळेतसुद्धा मतपेट्या येणार आहेत.

तुझी,
रंभा


रहाटणी,
सोमवार, १८ फेब्रुवारी १९५७

ती. दादास,

काल मी एकटीच घारकड्याकडे जाऊन आले. आईला सांगितलं की निवडणुकीच्या कामाचं शिकवायला तालुक्याला बोलावलंय. वाट शाबूत आहे की नाही ते बघायचं होतं, आणि खरं म्हणजे माझे पाय तिकडे चालतात की नाही तेही.

पाय झऱ्यापर्यंत चालले. उंबर तसाच आहे. झऱ्याकाठचे साती आसरांचे सात दगड तसेच आहेत, शेंदूर मात्र ताजा. भैरूबाबा म्हणाला, सुरुंगवाल्यांनी पहिलं भोक पाडायच्या आधी आसरांना नारळ फोडला. पाण्यातल्या बायकांची समजूत काढून मग त्यांचं घर फोडायचं, याला म्हणतात शहाणपण. झऱ्यापुढची शंभर पावलं मला काही जमली नाहीत.

भैरूबाबा आता फार वाकलाय. तू त्याला पाहिलंस ते एकदाच, त्या संध्याकाळी. त्यानंच वहिनीला डोहातून बाहेर काढलं होतं. त्यानं मला ओळखलं, ओसरीवर बसवलं, ताक दिलं. मग बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते.

"पोरी, म्या काढली तिला. दोनी हातांची नखं मुळातनं फाटल्याली व्हती. दुसऱ्या दिशी वर जाऊन बघितलं तर कड्याच्या खाली हातभरावर करवंदीची जाळी हाय न्हवं, तिच्या मुळ्या उपटल्याल्या. जीव द्याया आल्याली बाई मुळ्या कशापायी धरंल?"

मी विचारलं, हे तेव्हा का नाही सांगितलं. तो म्हणाला, सांगितलं की, पण मोठी माणसं म्हणाली गप राहा, चौकशा वाढतील, बाई तर गेलीच. तो गप राहिला. नंतर त्याला वाटलं, घरच्यांना ठाऊक असेल.

दादा, हे तीनदा वाच. तिचा पाय घसरला. ती तुझ्या बोलण्यानं गेली नाही. ती पडली, तिनं जाळी धरली, ती धरून राहिली. जगायचं नसतं तर धरली असती का? आता तरी स्वतःला फाशी देणं सोड आणि घरी ये. कड्यावर नाही आलास तरी चालेल. मला तिथं जे सांगायचं होतं ते भैरूबाबानं सांगितलं, असं समज.

तुझी,
रंभा


रहाटणी,
शुक्रवार, १ मार्च १९५७

दादा,

तुझं पाकीट काल आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तू कार्ड न पाठवता पाकीट पाठवलंस, तेव्हाच मला कळलं आत काय असणार. "धरून राहिली तर ओरडली असेल. तू झऱ्यावर होतीस. शंभर पावलं. तुला ऐकू आलं नाही?"

आलं.

मागच्या पत्रात मी लबाडी केली. भैरूबाबाच्या आड लपून सुटायला बघत होते. तुझं ओझं उतरावं आणि माझं कुणाला दिसू नये, असा माझा बेत होता. पण तू पहिल्यापासून गणितात माझ्यापेक्षा हुशार. आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुढं लिहिणार नाही, म्हणून आज शाळेत गेलेले नाही. आई शेतावर गेली आहे.

त्या दिवशी वहिनी देहूरोडपर्यंत फुगून बसली होती. गाडीतून उतरल्यावर वाऱ्यानं तिचा पदर उडाला आणि ती आपोआप हसली. म्हणाली, तुझ्या दादाचा राग म्हणजे उतू जाणारं दूध, फुंकर घातली की खाली बसतं, पण चुलीपाशी थांबावं लागतं. वाटेत एका बांधावर बोरं होती. तिनं वेचून ओच्यात घेतली, तुझ्यासाठी. तुला आंबट लागतात आणि तरी तू खातोस, हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी तुझ्यासमोर ठेवून ती गंमत बघणार होती.

हे तुला मी तेव्हाच सांगू शकले असते. जीव द्यायला निघालेली बाई नवऱ्यासाठी बोरं वेचत नाही, एवढं कुणालाही कळलं असतं. पण एक सांगितलं की माणसं पुढचं विचारतात. पुढचं विचारू नये म्हणून मी पहिलंही गिळलं. तू मसणवाटेतून परत आल्यावर मला विचारलंस की जाताना ती काही बोलली का, आणि मी नाही म्हणाले.

आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. बोरवाडी अगदी हाताशी आल्यासारखी दिसत होती. वहिनीनं मला तिच्या माहेराचं घर दाखवलं, परसातला लिंब दाखवला. तिची आई, मंजुळाबाई, दुपारी वाळवण पालथं करायला अंगणात येते, तेवढी दिसली की मग जेवू, असं ती म्हणाली. जेवायला बसायचं म्हणून आम्ही दोघींनी चपला काढल्या होत्या. त्या नीट काढून ठेवलेल्या चपला बघूनच गावानं निकाल दिला. माझीही जोडी तिथंच होती, ती कुणाला दिसली नाही. पाणी संपलं होतं. वहिनी म्हणाली, तू जा, मी आईची वाट बघते. मी तांब्या घेऊन अनवाणीच झऱ्यावर उतरले.

झऱ्याची धार बारीक. तांब्या धारेखाली धरून मी बसले होते. माझी सावली माझ्या पायाखाली आली होती. आसरांच्या त्या सात दगडांकडे बघायचं नाही असं ठरवून मी त्यांच्याकडेच बघत होते. आईचं सांगणं आपण दोघांनी ऐकलंय. आसरांच्या पाण्यावर भर दुपारी कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही, वळून बघायचं नाही. आवाज ओळखीचाच असतो. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारील. आसरा दोनदाच मारतात, आणि ओ दिली की पाण्यात नेतात.

तांब्या अर्धा झाला तेव्हा हाक आली. "रंभा."

मी ओ दिली नाही.

तांब्या भरून वाहायला लागला तेव्हा दुसरी आली. पहिलीपेक्षा लांबवलेली. मी उंबराच्या बुंध्याला पाठ लावली, डोळे मिटले आणि तिसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले.

ती आली नाही.

खरं सांगू, दादा? मला आनंद झाला. मला वाटलं, मी वाचले. मी तोंडावर पाणी मारलं, दगडांना हात जोडले आणि रमतगमत वर गेले. वहिनीला हे सगळं रंगवून सांगायचं असं वाटेत ठरवत होते. वर भाकरीचं गाठोडं होतं आणि दोघींच्या चपला होत्या.

आईला दोष देऊ नकोस. तिनं सांगितलं ते तिला तिच्या आईनं सांगितलेलं. आसरांनाही देऊ नकोस. आवाज वहिनीचा होता हे मला कळलं होतं. कळूनसुद्धा मी उभी राहिले, कारण मला माझा जीव प्यारा वाटला. सतरा वर्षांची होते, असं मी स्वतःला सांगून बघितलं. सतरा वर्षांच्या पोरींना पाय असतात.

आता तुझ्या डोक्यावरून ते उतरलं. तू बोललास ते वाईटच बोललास, पण ते वाक्य तिनं कड्यावर नेलं नव्हतं. वाटेतच टाकून ती तुझ्यासाठी बोरं वेचत होती. तिनं मला हाक मारली, आणि मी गेले नाही. तीन वर्षं मी तुला भुसावळात जळू दिलं आणि इथं आईच्या हातच्या भाकरी खाल्ल्या.

दहा तारखेला मी जाणार आहे. तू ये, असं म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, पण वहिनीच्या नावाचं पान वाढायला आईला सांग. माझ्या सांगण्यानं ती ऐकायची नाही.

रंभा


रहाटणी,
मंगळवार, १२ मार्च १९५७

ती. दादास,

तू सुखरूप पोचला असशील. काल सकाळी तू गाडीत बसलास तेव्हा मला बरंच बोलायचं होतं, पण तू डब्यात जागा शोधत राहिलास आणि मी फलाटावरच्या नळाकडे बघत राहिले. आपल्याला समोरासमोर बोलता येत नाही. कागदावर येतं, तर कागदावर बोलू.

शनिवारी संध्याकाळी तू दारात उभा राहिलास तेव्हा मी आत पळाले, हे तू बघितलंस. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर विचारशील. तू आईच्या पाया पडलास आणि उंबऱ्यावर बसूनच म्हणालास, "शालननं जीव दिला नाही. पाय घसरला." भैरूबाबाचं सगळं सांगितलंस. हाकेचं सांगितलं नाहीस. मी चुलीपुढं बसून वाट बघत होते की आता सांगशील, मग सांगशील. तू ताटात अजून एक भाकरी मागून घेतलीस.

रविवारी भैरूबाबाच्या मळ्यापर्यंत तू माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीस, आणि मला ते बरं वाटलं. बोलला असतास तर मी चालू शकले नसते. झऱ्यापुढची शंभर पावलं तू पुढं झालास म्हणून जमली. माथ्यावर जाऊन तू बराच वेळ बोरवाडीकडे बघत उभा होतास. मंजुळाबाईंचं अंगण दिसत होतं, तांबडं काहीतरी वाळत घातलेलं होतं. खाली सुरुंगवाल्यांची सुट्टी होती, त्यामुळं नदीचा आवाज वरपर्यंत येत होता. मी वाकून ती करवंदीची जाळी बघितली. तिला नवी पालवी फुटली आहे. मला तिचा राग आला.

मग तू म्हणालास, "मी झऱ्यावर जातो. तू इथं थांब. तिनं मारली तशीच हाक मार. जेवढ्या वेळानं तिनं दुसरी मारली, तेवढ्याच वेळानं दुसरी मार."

मी नाही म्हणाले. हात जोडले. तू ऐकलं नाहीस आणि उतरून गेलास.

तिथं उभं राहून स्वतःचंच नाव घेऊन ओरडायचं म्हणजे काय, ते तुला कळायचं नाही. पहिल्या खेपेला आवाज फुटेना. फुटला तेव्हा तो माझा नव्हता, इतका हुबेहूब वहिनीचा होता की मी मागं वळून बघितलं. दुसरी हाक मी कशी मारली ते मला आठवत नाही.

तू वर आलास, माझ्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "नसतीस पोचली, रंभे. दुसऱ्या हाकेला मी निम्म्या वाटेतसुद्धा नव्हतो. मी गडीमाणूस असून पोचलो नाही, तू काय पोचणार होतीस?"

मग तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. तीन वर्षांत मी रडले नव्हते असं नाही, पण कुणापुढं रडले नव्हते. तू भाकरीचं गाठोडं सोडलंस, मला खायला लावलंस, ठेच्यात मीठ जास्त झालंय असंही म्हणालास. त्यानंतर तू नदी उतरून बोरवाडीला गेलास, मंजुळाबाईंना सांगायला, आणि मला घरी जा म्हणालास.

इथलं सांगायचं म्हणजे, काल तू गेल्यावर मी आईला हाकेचं सगळं सांगितलं. तू झाकून ठेवलंस, पण झाकलेलं घेऊन मला आता या घरात वावरता येईना. आई खूप वेळ जातं पुसत बसली. मग म्हणाली, मला सांगितलं तेच मी तुला सांगितलं गं. आज सकाळी तिनं आपणहून विचारलं, भाद्रपदात नवमीला बोरवाडीची किती माणसं बोलवायची. मी म्हणाले, दादाला विचारते. तेव्हा कळव. पुढच्या रविवारी मी मंजुळाबाईंकडे जाणार आहे. तू त्यांना घसरल्याचं सांगितलं असशील. हाकेचं मी सांगेन. त्या दारात उभं करतील की नाही, ते त्यांनी ठरवायचं.

आता जे तुझ्या तोंडावर बोलले नाही, ते लिहिते.

उंबराच्या सावलीतून बाहेर पडलं की झऱ्यापासून माथ्यापर्यंतची सगळी वाट वरून उघडी दिसते. हे तुझ्या ध्यानात आलं नसावं, कारण तू खाली होतास. मी पहिली हाक मारली तेव्हा तू बाहेर आलास. टोपी काढून झटकलीस, पुन्हा घातलीस. मग निघालास. नांगरामागून चालल्यासारखा, एकेक पाऊल टाकत. वाटेत खाली बसून तू चपलेतला खडा काढलास. दुसरी हाक मी मारली तेव्हा तू खरंच निम्म्या वाटेत नव्हतास. वर आलास तेव्हा तुझ्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. चिंचवडच्या जत्रेत शर्यतीला तुझ्या पुढं कुणी पळू शकत नसे, ते मी लहानपणी तुझ्या टोप्या सांभाळत बघितलेलं आहे.

तेव्हा मी मान हलवली. पटलं असं दाखवलं. तू एवढ्यासाठी भुसावळहून आला होतास.

तू नदी उतरून पलीकडं दिसेनासा झालास आणि मग मी घरी गेले नाही. झऱ्यावर उतरले. तांब्या धारेखाली धरला. अर्ध्यापासून तो भरून वाहीपर्यंत चाळीस आकडे झाले. मग तांब्या ठेवला आणि अनवाणी वर पळाले, तोंडानं आकडे म्हणत. पस्तिसाव्याला मी कड्यावर होते.

पोचता येतं, दादा. दुसरी हाक मारायच्या आत पोचता येतं. हे तुला झऱ्यावर उतरतानाच कळलं होतं, म्हणून तू चालत आलास.

तुझी,
रंभा